माडाच्या बुंध्यावरची अळंबी आणि तळ्यातलं शेवाळ: औषध एक नाही

पावसाने उघडीप दिली की आधी बागेत जा आणि तोडलेल्या माडांचे बुडखे मोजा. गेल्या साली वाळलेला माड तोडला, खोड विकलं, बुडखा तसाच राहिला. पुढे त्याच्या आजूबाजूचे माड सुकतात. हे मी किती बागांत पाहिलं!

तो बुडखा म्हणजे गॅनोडर्मा बुरशीचं कोठार. तंजावर मर म्हणतात तो हाच रोग. ही बुरशी लाकूड कुजवून जगते, तिला उजेड लागत नाही. मुळांना मुळं भिडली की ती शेजारच्या माडात शिरते. आधी खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात, बुंध्यातून तांबूस-तपकिरी द्रव झिरपतो आणि पावसात बुडाशी कडक, चकचकीत अळंबी दिसते. अळंबी आली म्हणजे आत बरंच कुजलंय. त्या माडावर पैसे ओतू नका, शेजारचे वाचवा.

शेततळ्यातलं हिरवं, बुळबुळीत शेवाळ, म्हणजे स्पायरोगायरासारखं, अगदी उलट वागतं. ते सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न स्वतः तयार करतं. वाहून आलेलं खत आणि ऊन मिळालं की तळं भरून टाकतं. माडाला ते काही करत नाही. ठिबकचा फिल्टर आणि तोट्या मात्र तुंबवतं.

म्हणून दुकानदार ‘बुरशी-शेवाळ दोन्हीवर चालतं’ म्हणून महागडी बाटली पुढे करील, ती घेऊ नका. बुरशीचं लाकूड काढा, शेवाळाचा उजेड आणि खत तोडा.

बुडखा मुळांसकट खणून बागेबाहेर जाळा. रोगट माडाभोवती 1 मीटर खोल, 30 सेंमी रुंद चर मारा. शेजारच्या माडांच्या आळ्यात 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना), माडामागे 40 लिटर. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून 5 किलो निंबोळी पेंडीत 50 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळून द्या. दोन्ही एकदम दिलंत तर बोर्डोतलं मोरचूद ट्रायकोडर्मालाच मारतं. रोगट आळ्याचं पाणी पाटाने निरोगी आळ्यात जाऊ देऊ नका. बुडख्याच्या बाजूची झावळी आधी झुकते असा माझा अंदाज आहे. शास्त्रात कुठे वाचलेलं नाही, पण मी तिकडेच आधी बघतो.

शेवाळासाठी:
- जाळीने ओढून काढा, काठावर कुजू देऊ नका
- टाकीवर शेडनेट घाला
- शेतातलं खताचं पाणी तळ्यात सोडू नका
- वाळूचा फिल्टर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा, नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडा
- मोरचूद अगदी शेवटी, 1000 लिटरला 1 ग्रॅमच्या वर नाही. मासे असतील तर मुळीच नको

नवा कवाथा, म्हणजे माडाचं रोप, त्याच खड्ड्यात लावायची घाई करू नका. आधी खड्डा खणून उन्हात तापू द्या आणि कुजक्या मुळांचा एकही तुकडा राहिला नाही ना, ते हाताने चाचपून बघा.