तुकडा बाटलीत जाईपर्यंत

स्कोपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका-जठर बघतात त्या, खोलीत उभं राहून मला 19 वर्षं झाली. नवी सिस्टर आली की तिची नजर स्क्रीनवर. मी म्हणते, बाई, स्क्रीन डॉक्टर बघतायत, तू हातातलं बघ. दुर्बिणीत गाठ दिसते, पण कॅन्सर ठरतो पॅथॉलॉजीत, म्हणजे गाठीचा तुकडा तपासतात त्या लॅबमध्ये, काचपट्टीवर.

आधी पेशंट. "उपाशी आहात ना?" विचारलं की सगळे हो म्हणतात. "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारा, मग चहा निघतो, मिश्री निघते. जेवण 6 ते 8 तास बंद, पाणी 2 तास. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कवळी काढा, घशात स्प्रे, डावी कूस. घास अडकतो म्हणणाऱ्याच्या अन्ननलिकेत रात्रीचा भात सकाळीही सापडतो, तेव्हा सक्शन, म्हणजे आतलं ओढून घेणारं यंत्र, आधीच चालू करून बघा.

आता तुकडे. जखम असेल तर कडेच्या चारही बाजूंनी आणि थोडं तळातून, किमान सहा. नुसत्या तळातून घेतलं तर बऱ्याचदा मेलेला भाग येतो आणि रिपोर्टमध्ये काहीच कळत नाही. डॉक्टर "ओपन" म्हणाले की फोर्सेप्स, म्हणजे तुकडा तोडायचा चिमटा, उघडायचा, "क्लोज" म्हणाले की हलक्या हाताने मिटायचा; करकचून दाबलं तर पेशी चिरडतात. तुकडा तांदळाच्या कणीएवढा. तो सुईच्या टोकाने अलगद उचला. फोर्सेप्स फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधात, बुचकळून तसाच परत पोटात घालायचा नाही, कितीही घाई असो.

बाटलीत 10 टक्के फॉर्मेलिन, तुकड्यांच्या दहापट तरी. सलाईन नाही! अन्ननलिकेची बाटली वेगळी, जठराची वेगळी. दातांपासून किती सेंटिमीटरवर, तेही फॉर्मवर लिहा. आणि नाव बाटलीच्या अंगावर, झाकणावर नाही. एकदा टेबलावर दोन झाकणं उघडी होती आणि कुठलं कुणाचं ते सांगता येईना. दोघांनाही परत नळी गिळावी लागली. चूक माझीच होती.

रिपोर्टमध्ये "कॅन्सर आढळला नाही" आलं म्हणून फाईल मिटू नका. काही कॅन्सर जठराच्या भिंतीत आतून पसरतात, वरच्या अस्तरातून घेतलेल्या तुकड्यात येतच नाहीत. एका आजींचं जठर हवा भरूनही फुगत नव्हतं, वळ्या जाड. रिपोर्ट चांगला आला म्हणून नातू पेढे घेऊन आला. डॉक्टरांनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला आणि पुढच्या मंगळवारी परत तुकडे घेऊ म्हणाले, या वेळी खोलवरचे.