श्पेटलेज रीसलिंग घेताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

जर्मनीत आल्यावर पहिल्याच दिवाळीला मी मोठ्या तोऱ्यात मोझेल नदीकाठची गोड वाईन म्हणून श्पेटलेज रीसलिंग (रीसलिंग हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष) आणली, आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं कच्ची कैरी चावल्यासारखी झाली. मग बाटली फिरवून बघितली तर खाली बारीक अक्षरात ट्रॉकन लिहिलेलं. ट्रॉकन म्हणजे कोरडी, बिनगोडाची.

श्पेटलेज म्हणजे उशिरा तोडलेली द्राक्षं, बास. १९७१ च्या जर्मन वाईन कायद्यात श्पेटलेजसारखे लेबलवरचे शब्द ठरतात ते तोडणीच्या वेळी रसात साखर किती होती त्यावर, बाटलीत किती उरली याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, त्यामुळे यीस्टने जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकली तरी लेबलवर श्पेटलेज येऊ शकतं. मी आता आधी अल्कोहोलचा आकडा बघतो. ७.५ ते ९ टक्के असेल तर साखर उरलीये, १२ च्या पुढे गेला तर बहुतेक कोरडीच. आणि कहर म्हणजे ट्रॉकनबेरेनआउसलेज नावाचा जो वाईनचा प्रकार आहे, त्याच्या नावातच ट्रॉकन आहे पण ती गोडात सगळ्यांच्या वरची, कारण तिथे कोरडी म्हणजे वेलीवरच मनुक्यासारखी सुकलेली द्राक्षं! ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना नावं ठेवावी तेवढी थोडी.

दुसरी चूक सांगायलाही लाज वाटते. एका बाटलीच्या तळाशी चमकणारे खडे दिसले, मला वाटलं काच फुटलीये, अख्खी बाटली बेसिनमध्ये ओतली. नंतर कळलं की ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे, द्राक्षातलंच आम्ल क्षार होऊन थंडीने खाली बसतं, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखं दिसतं. त्रास काही नाही, शेवटचा घोट बाटलीत राहू द्यायचा.

वासाचंही तसंच. जुन्या रीसलिंगला हलका रॉकेलसारखा वास येतो, तो तिचा स्वभावच आहे, काहीजण त्यासाठीच जास्त पैसे मोजतात (मी नाही). पण ओल्या गोणपाटाचा, कुबट वास आला तर बूच खराब, सरळ दुकानात परत न्या. कोवळ्या वाईनने जिभेला किंचित गुदगुल्या केल्या तर चालतं. गढूळ झाली असेल, फेस येत असेल आणि बूच वर सरकलं असेल तर ती बाटलीत परत आंबायला लागलीये, पिऊ नका.

आता खाण्याचं. गोड वाईन म्हणून गुलाबजामबरोबर देऊ नका राव, पाकापुढे ती नुसती आंबट पाणी लागते. त्यापेक्षा झणझणीत कोळंबीचं कालवण किंवा सुकं चिकन करा, गोडवा तिखटाला सांभाळून घेतो आणि अल्कोहोल कमी असल्यामुळे जाळ वाढत नाही. बर्फ तर अजिबात नको, फ्रिजमधून काढून १५-२० मिनिटं ठेवली की वास खुलतो. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आरामात टिकते.

मे महिन्यात मुंबईला नेणार असाल तर टॅक्सीच्या डिकीत उन्हात बाटली ठेवून जेवायला थांबू नका. आमची एक अशीच उकडली, बुचाच्या कडेने चिकट ओघळ आले आणि आईच्या साडीवर डाग पडला तो वेगळाच.