पिकोलितचा फुलोरा: सेटिंगपासून मणी सुकवण्यापर्यंतची कामं

इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून फ्रिउलीच्या टेकड्या आहेत. तिथे मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत वेली फुलोऱ्यात असतात. उदिने, चिविदाले भागात द्राक्षशास्त्र शिकायला किंवा बागेत कामाला असलेल्या मराठी मंडळींच्या वाट्याला पिकोलित या तिथल्या पांढऱ्या वाइन-द्राक्षाच्या दोन-चार ओळी आल्या, तर हा सल्ला हाताशी ठेवा. नाशिक-सांगलीत शिकलेला हात या वेलीवर उलटा पडतो.

कारण फुलात आहे. फूल उमलताना पाकळ्यांची जुळलेली टोपी गळते, तेव्हा भिंगातून नीट बघा. शेजारच्या फ्रिउलानो या जातीच्या फुलात पुंकेसर ताठ उभे असतात. पिकोलितचे पुंकेसर आखूड, बाहेर आणि खाली वळलेले दिसतात. पराग असतो, पण वांझ. म्हणजे फूल दिसायला द्विलिंगी, काम फक्त मादीचं. दुसऱ्या जातीचा पराग वेळेवर पोचला तर मणी धरतो (यालाच सेटिंग म्हणतात), नाहीतर फूल गळतं किंवा मोहरीएवढा हिरवा दाणा होऊन बसतं. त्यामुळे पूर्ण वाढलेला मणी एका घडात मोजता येईल इतकाच, आणि बाकी देठांचा सांगाडा. आपल्याकडचा बागायतदार हे बघून कूज झाली म्हणेल आणि फवारणीचा पंप काढेल. पण हा या जातीचा जन्मजात स्वभाव आहे.

या स्वभावामुळेच ती दुर्मीळ राहिली, आणि तिला भावही त्याच्यामुळेच मिळाला. 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात फागान्याच्या काउंट फाबिओ आस्क्विनीने तिची गोड वाइन छोट्या बाटल्यांत भरून युरोपच्या दरबारांत पोचवली. पुढे जात मागे पडली. 20 व्या शतकात रोक्का बेर्नार्दाच्या पेरुसिनी घराण्याने ती धरून ठेवली. 2006 मध्ये या टेकड्यांवरच्या पिकोलितला इटलीतला वाइनचा सर्वात वरचा, डीओसीजी दर्जा मिळाला. त्याच्या नियमात उत्पादनाची मर्यादा हेक्टरी 4 टन आहे, म्हणजे एकरी साधारण 16 क्विंटल. दहा टनांची भाषा बोलणाऱ्याने हा आकडा दोनदा वाचावा. मात्र नियमाची भीती फार कमी जणांना असते, कारण वेल स्वतःच तिथवर पोचू देत नाही.

आता कामाचं. पराग देणारी जात एका कडेला लावून भागत नाही. द्राक्षाचा पराग फार लांब जात नाही, म्हणून चार-पाच ओळींमागे एक ओळ तिची हवी. दोघींचा फुलोरा जुळतो का, हे याच दिवसांत वहीत लिहून ठेवा. पराग देणारी जात आधी फुलून मोकळी होत असेल, तर पुढच्या हिवाळ्यात तिची छाटणी उशिरा घ्या. डोळे चार-सहा दिवस मागे सरकतात आणि तेवढं पुरतं. पिकोलितच मागे पडते असं वाटलं, तरी छाटणी पराग देणाऱ्या जातीचीच बदला. आधीच नाजूक असलेल्या वेलीच्या छाटणीत मात्र खेळ करू नका.

पानं काढण्याबाबत खास जपा. फुलोऱ्याआधी घडाजवळची पानं काढली की घडाला अन्न कमी पडतं, सेटिंग घटतं आणि घड मोकळा होतो. पिनो ग्रिजोसारख्या घट्ट घडाच्या जातीत हेच मुद्दाम करतात, कारण मणी एकमेकांना चेपून कुजतात. त्याच मजुरांची टोळी तशीच पुढे पिकोलितच्या ओळीत शिरली, तर पीक त्या दिवशीच गेलं समजा. ओळीच्या तोंडाला रंगीत फीत बांधा आणि मुकादमाला सकाळीच सांगा. पानं काढायचीच असतील तर सेटिंग पूर्ण झाल्यावर, सकाळचं ऊन पडणाऱ्या बाजूने, थोडी.

याउलट शेंडा मारणं इथे उपयोगाचं. फुलोरा सुरू होताना वाढता शेंडा खुडला की अन्न घडाकडे वळतं. बोरॉनची कमतरता माती-पान परीक्षणात दिसली असेल तर फुलोऱ्याआधी फवारणी घ्या. लेबलवरचं प्रमाण ओलांडू नका, बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांतलं अंतर थोडं असतं. नत्र मात्र या काळात नको. फुटवा माजला की फूल गळणारच.

आणि जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक? नको. आपल्याकडे बिनबियांच्या थॉम्पसनवर डिपिंग, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवणं, हा नेहमीचा कार्यक्रम, पण बियांच्या वाइन जातींवर जिबरेलिक आम्लामुळे पुढच्या वर्षीच्या डोळ्यांतले घड जिरतात. विरळणीसाठी आपण जे पैसे मोजतो ते काम इथे निसर्गाने फुकट आणि गरजेपेक्षा जास्त करून ठेवलंय.

हवामान हातात नसतं. 20 ते 25 अंश, कोरडं आणि हलकं वारं असेल तर नशीब. पारा 15 च्या खाली आणि पाऊस असेल तर टोप्या फुलालाच चिकटून राहतात. उदिनेच्या परिसरात वर्षाला सुमारे 1400 ते 1500 मिमी पाऊस पडतो, त्यामुळे डाऊनी या बुरशीजन्य रोगाचं भय कायम. तिथले लोक तीन दहांचा हिशेब ठेवतात: 10 अंश तापमान, 10 सेंटीमीटर फूट, एक-दोन दिवसांत 10 मिमी पाऊस. तिन्ही जुळले की पहिल्या लागणीची शक्यता धरायची. तांबं वापरताना युरोपीय संघाची मर्यादा पाळा, हेक्टरी सात वर्षांत 28 किलो धातुरूप तांबं. भुरीसाठी गंधक चालतं, पण पारा 30 च्या पुढे असताना मारलं तर मणी भाजतात.

फ्लावेसेन्स दोरे या रोगाचं प्रकरण वेगळं आणि गंभीर. त्याचा तुडतुडा द्राक्षाच्या वेलीवरच जगतो, आणि त्याच्याविरुद्धची फवारणी फ्रिउलीत सक्तीची आहे. तारखा एर्सा ही प्रादेशिक कृषी संस्था जाहीर करते, त्याच पाळा. फुलोऱ्यात कीटकनाशक मारायचं नाही. फवारणीआधी ओळीतलं फुललेलं गवत कापून घ्या, मधमाश्या तिथेच असतात. गारपिटीच्या जाळीचा खर्च मला या जातीत पटतो. घडात मणी मोजके असताना दहा मणी फुटले तरी मोठं नुकसान होतं.

सप्टेंबरात घड हातात घेऊन छोटे दाणे दाबून बघा. दोन प्रकार दिसतील. काही बारीक पण मऊ, पारदर्शक आणि अतिशय गोड. ते असू द्या, वाइनला उपयोगीच आहेत. काही शेवटपर्यंत हिरवे, टणक, आंबट. तोडणीच्या वेळी ते टेबलवर झटकून टाका. मोकळ्या घडाचा फायदा इथे कळतो: मण्यांमध्ये वारं खेळतं, कुजीला जागा मिळत नाही, म्हणूनच हे द्राक्ष सुकवायला चांगलं. काहीजण ते वेलीवरच ठेवतात आणि बोरा या कोरड्या, गार वाऱ्याची वाट बघतात. पाऊसमान बघता मी क्रेटची बाजू घेईन. एकच थर, घड एकमेकांना न टेकता, हवेशीर माडीवर. पंखा असेल तर दमट दिवसांत लावा. दर दोन-तीन दिवसांनी क्रेट फिरवून बुरशी आलेला मणी कात्रीने काढा, हाताने ओढू नका. वजन पाव ते एक तृतीयांश घटलं की वाइनच्या तळघराच्या माणसाशी बोलून रसासाठी दाब घ्यायचा दिवस ठरवा.

नाशिकहून कोणी विचारेल, काड्या पाठवता का? परवाना आणि क्वारंटाइनशिवाय पाठवू नका. शिवाय पिकोलित डीओसीजी हे नाव त्या टेकड्यांपुरतंच आहे. 16 क्विंटलचा एकर आणि नाव लावता येणार नाही, असं पीक घेण्यापेक्षा शेनां ब्लां या वाइन जातीचा घट्ट घड सांभाळलेला परवडतो.

एक काम मात्र जूनमध्येच करा. सेटिंग संपल्यावर ओळीतून फिरा आणि ज्या वेलींवर इतरांपेक्षा ठळकपणे जास्त मणी धरलेत त्यांच्या खोडाला खूण करा. सलग तीन हंगाम तीच वेल पुढे राहिली, तर मालकाला सांगून तिची विषाणू तपासणी करून घ्या आणि कलमासाठी काडी तिचीच, मान्यताप्राप्त रोपवाटिकेमार्फत घ्या.