लसींचा तक्ता पाठ करण्याआधी

बी.फार्म.च्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला लसीकरणाचं वेळापत्रक विचारलं. जन्मल्याबरोबर क्षयाविरुद्धची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, हिपॅटायटिस बी. मग सहा, दहा आणि चौदा आठवडे. मग नऊ महिने. मी न अडखळता सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोवराची लस नवव्या महिन्यातच का? बाळ सहाव्या आठवड्यात येतंच आहे, तेव्हाच टोचली तर आईची एक खेप वाचेल की." मला उत्तर आलं नाही. तक्ता तोंडपाठ होता, पण त्यातला एकही आकडा मला कळलेला नव्हता.

आता माझ्याकडे बडोद्यातल्या कॉलेजांमधून मुलंमुली प्रशिक्षणाला येतात. बरीचशी रावपुरा, दांडिया बाजार भागातली, घरी मराठी बोलणारी. त्यांच्याही वह्यांत तोच तक्ता असतो, लाल-निळ्या पेनांनी आखलेला. मी त्यांना पहिल्या दिवशी वही मिटायला लावते आणि एकच प्रश्न विचारते: या कुपीत काही जिवंत आहे का?

एवढं ठरलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. बीसीजी, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, गोवर-रुबेला, रोटाव्हायरस या जिवंत लसी. जंतू दुबळा केलेला असतो, पण शरीरात गेल्यावर वाढतो. टोचलेल्या जिवंत लसीचे थोडेच डोस पुष्कळ काळ पुरतात ते त्यामुळेच. पण वाढायच्या आधीच कुणी त्याला मारून टाकलं तर? आईकडून बाळाला मिळालेली प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली जंतूंना अडवणारी प्रथिनं, पहिले काही महिने गोवराच्या बाबतीत नेमकं तेच करतात. नवव्या महिन्यापर्यंत ती बरीच ओसरतात. तेव्हा टोचलं तर साधारण ८५ टक्के बाळांमध्ये संरक्षण तयार होतं, वर्षानंतर टोचलं तर ९५ टक्क्यांच्या आसपास. मग वर्षापर्यंत थांबत का नाहीत? कारण आपल्याकडे गोवर वर्षाच्या आतल्या बाळांनाही गाठतो आणि त्या वयात तो फार वाईट असतो. म्हणून पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि राहिलेल्यांना पकडायला दुसरा १६ ते २४ महिन्यांत. परीक्षकांना हवं होतं ते उत्तर एवढंच.

लगेच कुणीतरी हात वर करतं: बीसीजीही जिवंत, मग ती जन्मतःच कशी चालते? क्षयाविरुद्धचं संरक्षण मुख्यतः पेशींच्या जोरावर उभं राहतं, आईची प्रतिपिंडं तिथे आड येत नाहीत. हा प्रश्न ज्याला आपणहून पडतो त्याची मला पुढे काळजी वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला निर्जीव लसी. त्यांचे प्रकार नीट बघायचे असतील तर पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची कुपी हातात घ्या. अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात सगळा धडा आहे. घटसर्प आणि धनुर्वाताचे टॉक्सॉइड, म्हणजे जंतूचं विष निकामी करून घेतलेलं. डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू. हिपॅटायटिस बी विषाणूच्या पृष्ठभागावरचं फक्त एक प्रथिन, तेही यीस्टमध्ये तयार केलेलं. आणि बाळांना मेंदूज्वर, न्यूमोनिया आणणाऱ्या हिब जंतूच्या कवचातली साखर, एका प्रथिनाला जोडलेली. ही जोडणी का, तर दोन वर्षांच्या आतलं बाळ नुसत्या साखरेला ओळखून लक्षात ठेवू शकत नाही. प्रथिनाचा हात धरून ती आली की ठेवतं. न्यूमोकोकलची लसही याच तत्त्वावर चालते. निर्जीव माल शरीरात वाढत नाही, म्हणून आठवण पक्की करायला पुन्हापुन्हा यावं लागतं: ६, १०, १४ आठवडे, मध्ये किमान चार आठवडे. पुढे डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत, मग १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्प).

मारलेल्या जंतूची लस म्हटलं की मला एक गाव आठवतं, आणि बडोद्यात शिकणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावानं आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली. प्लेगचे जंतू वाढवून उष्णतेनं मारलेले. पहिल्यांदा त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्या वर्षी बडोद्याजवळच्या उंडेरा गावात प्लेग होता. तिथे त्यांनी घराघरातली साधारण अर्धी माणसं टोचली आणि अर्धी तशीच ठेवली. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, जेवणही तेच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तिथल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. आज उंडेरा शहरात मिसळून गेलं आहे. आमच्याकडचा एक विद्यार्थी रोज तिथून बसने येतो, त्यालाही हे ठाऊक नव्हतं. नियंत्रित चाचणी म्हणजे काय हे मी आता याच गावावरून शिकवते. अर्थात, प्लेग पसरलेला असताना अर्ध्या माणसांना लसीविना ठेवणं आज कुठलीही नैतिक समिती मान्य करणार नाही, हेही त्याच दमात सांगते.

आता फ्रीज. औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यानं लसींबद्दल बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरून चालणार नाही. लसी २ ते ८ अंशांत ठेवायच्या हे सगळ्यांना माहीत असतं. पण मुलं घाबरतात ती उष्णतेला, आणि जास्त थंडीमुळे होणारं नुकसान नजरेतून सुटतं.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळातली गोष्ट. मे महिना, बाहेर चाळीसच्या वर पारा. मी होते त्या औषधाच्या दुकानात कुणीतरी उन्हाच्या धास्तीनं फ्रीजचं बटण सगळ्यात थंडवर नेऊन ठेवलं होतं. सकाळी हिपॅटायटिस बीच्या कुप्यांचा खोका काढायला गेले तर तो मागच्या भिंतीला चिकटलेला. ओढून काढला, पुठ्ठा ओला होता, कोपऱ्यावर बर्फाची पापडी. आतल्या कुप्यांमधली लस मात्र पातळच होती, हलवल्यावर दुधाळ दिसत होती, लेबलं कोरडी. मला शंका आली, पण मी नवीन होते. गप्प बसले आणि खोका पुढच्या कप्प्यात ठेवून दिला. रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. दुकानाच्या फार्मासिस्टनी एक शब्दही न बोलता त्याच बॅचमधली एक कुपी मुद्दाम फ्रीझरमध्ये टाकली, पूर्ण गोठू दिली आणि वितळल्यावर संशयित कुपीबरोबर हलवून दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. पंधरा-वीस मिनिटांत दोन्हींच्या तळाशी सारखाच पांढरा गाळ बसला, वर स्वच्छ पाणी. चांगली कुपी एवढ्या वेळात गढूळच राहिली असती. सगळा खोका बाद झाला. या मधल्या दिवसात त्यातली कुपी कुणाला गेली नव्हती, हे मी बिलबुकात तीनदा तपासलं.

यालाच शेक टेस्ट म्हणतात. पेंटा, डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल यांत ॲल्युमिनिअमचं मीठ असतं आणि प्रतिजन, म्हणजे शरीरानं ओळखायचा लसीतला भाग, त्याला चिकटून असतो. गोठलं की त्या मिठाचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि वितळल्यावर पुन्हा सुटत नाहीत. लस दिसायला तशीच, टोचताही येते, पण काम करेल याचा भरवसा संपलेला. टोचून घेतल्याची नोंद कार्डावर राहते आणि संरक्षण नसतं, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. टोचायचा पोलिओ गोठून खराब होतो, पण त्यात ॲल्युमिनिअम नसल्यामुळे शेक टेस्ट तिथे लागू पडत नाही. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

उष्णतेचं काम कुपीवरचं चिन्ह सांगतं. वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. सारखा झाला किंवा जास्त गडद झाला की बाद. मात्र लस गोठली होती का, हे ते चिन्ह सांगत नाही. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, म्हणजे लसी न्यायच्या थंड डब्यात, भरायचे आइस पॅकही फ्रीझरमधून काढून थेट ठेवू नका. बाहेर ठेवायचे, वर घाम येऊ द्यायचा, कानाशी हलवून आत पाण्याचा आवाज आला की मग भरायचे. आणि तापमान दिवसातून दोनदा लिहायचं. एकदम आठवड्याचं नाही.

उघडलेल्या कुपीचा नियमही जिवंत-निर्जीव या प्रश्नाशीच थोडाफार जोडलेला आहे. बीसीजी आणि गोवर-रुबेला पावडरच्या रूपात येतात. विरघळवल्यानंतर त्यात जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन नसतं, म्हणून चार तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा फेकायची. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस बी यांच्या बहुमात्रा कुप्या सरकारी कार्यक्रमात अटी पाळून २८ दिवसांपर्यंत चालतात. कुपीवर उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली नसेल तर ती वापरायची नाही, मग ती भरलेली का असेना.

शक्य असेल तर एखाद्या बुधवारी ममता दिवसाला, म्हणजे गुजरातेत आई-बाळांच्या तपासणीचा आणि लसीकरणाचा दिवस असतो तेव्हा, आरोग्य केंद्रात जाऊन उभे राहा. पुस्तकातलं पाऊण लसीकरण तिथे तासाभरात दिसतं. सिस्टर बीसीजी डाव्या दंडात कातडीच्या आत टोचतात आणि मसूरडाळीएवढी फुगी येते. पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, म्हणजे पुढे सूज आली तर कशाची ते कळतं. टोचून झालं की चार गोष्टी सांगतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि मग काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, कार्ड जपून ठेवा. आणि अर्धा तास बसवून ठेवतात.

तो अर्धा तास बऱ्याच आयांना जड जातो. एकदा एक मराठी आजी नातवाला घेऊन उठायला लागल्या, घरी कुकर लावायचा होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आजी, लाखांत एखाद्याला लगेच मोठी ॲलर्जी येते. आली तर ती बहुतेक याच अर्ध्या तासात येते, आणि तिचं औषध या खोलीत आहे, तुमच्या घरी नाही." आजी बसल्या. ते औषध म्हणजे ॲड्रिनालिन, एक हजारात एक प्रमाणाचं, बाळाच्या वजनाच्या किलोमागे ०.०१ मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत. किटमधल्या ॲम्प्यूलची मुदत बघणं हे तुमचं काम समजा.

सुरक्षेच्या धड्यात लसीनंतरच्या त्रासाची पाच कारणं येतात: लसीचा स्वतःचा गुण, उत्पादनातला दोष, देण्यातली चूक, भीतीमुळे आलेली भोवळ, आणि निव्वळ योगायोग. ती रटण्यापेक्षा हाफकिन यांचंच पुढचं प्रकरण वाचा. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्यांची प्लेगची लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. त्या दिवशी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे आलं. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. लस तीच, उंडेऱ्याला माणसं वाचवणारी. म्हणून त्रासाची नोंद करताना बॅच नंबर, कुपी उघडल्याची वेळ, त्याच कुपीतून आणखी कुणाला दिली, हे सगळं लिहायचं. त्या ओळींवर कुणाची तरी निर्दोषता किंवा कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, तीवर फार्मासिस्टही कळवू शकतो. मी कळवलं आहे, कुणी रागावत नाही.

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "एक डोस चुकला, आता पहिल्यापासून का?" नाही. राहिला तिथून पुढे चालू करायचं. दुसरा प्रश्न: बीसीजीची पुळी फुटली, मलम द्या. देऊ नका. पुळी येते, फुटते, आठवड्यांनी सुकते, खूण राहते. खूण आली नाही तरी पुन्हा टोचत नाहीत. हे गुजरातीतही सांगता यायला हवं. गुजरातीत लसीला रसी म्हणतात आणि पुवालाही रसीच. त्यामुळे "रसी आली" असं एखादी बेन म्हणाली तर आधी दंड बघा, मग उत्तर द्या.

आणि तुमची स्वतःची लस. वॉर्डात किंवा रक्ताच्या नमुन्यांजवळ पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा: ०, १ आणि ६ महिने. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या, मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक (mIU/ml) किंवा त्याहून जास्त यायला हवीत. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला सुई लागली तेव्हा तिचे दोनच डोस झाले होते. पुढचे सहा महिने दर तपासणीच्या आदल्या रात्री ती मला फोन करायची. ती सुखरूप सुटली. सहा महिने लागणाऱ्या कोर्सचा पहिला डोस प्रवेशाच्या आठवड्यातच घ्या, म्हणजे वॉर्डात जाण्याआधी तिसरा होऊन जाईल.