कमी पैशात घरी चांगला आवाज मिळतो का? मिळतो, असा जमवा

दहा हजाराच्या आत घरी गाणं नीट ऐकता येईल का असं कोणी विचारलं की मी हो म्हणतो, आणि मनापासून म्हणतो, कारण आमच्या घरी रोज तेच चालू असतं. फक्त दुकानात जाऊन लाल-निळ्या लाइटवाला टॉवर स्पीकर उचलायचा नाही. बॉक्सवर मोठ्या अक्षरात पीएमपीओ वॉट लिहिलेले असतात त्या आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा. आणि २०-२५ वॉट आरएमएस असले तरी दहा बाय बाराच्या खोलीला पुष्कळ झाले. साधारण ८८ डीबी (डेसिबल) सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटवर एक मीटरवरून ८८ डीबी आवाज देतो, म्हणजे तेवढ्यातच बाजूच्या खोलीतून "जरा हळू कर" ऐकू येतं.

पैसे स्पीकरवर घाला, बाकी सगळं नंतर. नवे परवडत नसतील तर जुन्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी पेटीवाले स्पीकर शोधा, पुण्यात जुन्या बाजारात मिळतात, बऱ्याचदा तर नातेवाइकांच्या माळ्यावरच पडलेले असतात. घेताना जाळी काढून कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची असेल आणि बोटाला काळा भुगा लागला तर ती गेलेली आहे, बदलून मिळते पण तो खर्च किमतीतून कमी करून मागा. रबराची असेल तर जास्त टिकते. मागे ओहम (स्पीकरचा विद्युत रोध) किती लिहिलेत तेही बघून ठेवा, ४, ६ किंवा ८, आणि ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) तेवढ्याला चालतो ना ते दुकानदाराला विचारा.

ॲम्प्लिफायर म्हणाल तर टीपीए३११६ चिपचा छोटा क्लास डी ॲम्प घ्या, तळहाताएवढा असतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाइन सहज मिळतो. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर त्याला चालतो, फक्त पिन आणि प्लस-मायनस जुळतंय का ते आधी बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, या ॲम्पच्या डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलच्या मायनस वायरी एकत्र जोडायच्या नाहीत, ॲम्प उडेल.

वायर महागडी नको, दीड स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर पुरे. पण प्लस-मायनस चुकलं तर सगळं गेलं. आमच्याकडे दुकानातला मुलगा जोडून गेला होता तेव्हा एक स्पीकर उलटा लागला, बास (खालचा जाड आवाज) गायब आणि गाणारा मधोमध न वाटता सगळीकडे पसरलेला, आणि आम्ही तीन महिने स्पीकरलाच नावं ठेवत बसलो. खुणा पुसल्या गेल्या असतील तर वायर ॲम्पपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर वायरीच्या टोकांना लावा, कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या वायरीला लावलं ती प्लस.

आता खरी गोष्ट, आणि हिला एक रुपया लागत नाही. स्पीकर कुठे ठेवलेत? बहुतेक घरांत ते शोकेसमध्ये टीव्हीच्या दोन बाजूंना कोंबलेले असतात, तिथे सगळं भांड्यात बोलल्यासारखं घुमतं. आमचेही तिथेच होते. एका रविवारी ते काढून दोन स्टुलांवर ठेवले, खाली जुन्या स्लिपरचे रबराचे तुकडे, भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यापासून लांब, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकरमधलं अंतर जेवढं तेवढ्याच अंतरावर माझी खुर्ची. बाबा पेपर वाचत होते, ख्याल चालू होता, मध्येच पेपर खाली ठेवून म्हणाले, "अरे, डग्ग्याची मींड ऐकू येतेय." मींड म्हणजे घसरत जाणारा सूर. तेच स्पीकर, तीच फाइल! मागचा तानपुराही आधी नुसता गुणगुण वाटायचा, त्याची जवारी (तारांची झणझण) वेगळी कळायला लागली. बास जास्त हवा असेल तर भिंतीकडे चार-चार बोटं सरकवत जा, घुमायला लागलं की थांबा.

खोलीत टाइल्स आणि मोकळ्या भिंती असतील तर टाळी वाजवून बघा, टणटण आली तर जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. गोधडी दोरीवर टाकूनही फरक कळतो, हे करून बघितलेलं आहे.

फोन ब्लूटूथने चालतो, पण वायरने लावून बघा आणि ॲपमधली क्वालिटी हाय करा, ऑटोवर ठेवू नका. लॅपटॉप लावल्यावर घूंऽ असा आवाज आला तर चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तिथेच असतो.

सगळ्यात खालचा बास मात्र या सेटमध्ये येणार नाही, ५ इंची वूफरकडून (बास देणाऱ्या मोठ्या कोनकडून) ढोल-ताशाची छातीतली धडधड मागू नका. त्यासाठी सबवूफर, म्हणजे फक्त बासचा वेगळा स्पीकर, लागतो आणि तो स्वस्तातला घेतला तर नुसता ढबढब करून बाकीचं झाकून टाकतो, म्हणून आधी या दोन स्पीकरांवर दोन-तीन महिने ऐका, मग ठरवा.