पहिलीच्या वर्गात निसर्गातून शिकवताना या चुका टाळा

महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर, विदर्भात थोड्या उशिरा, शाळा उघडतात तेव्हा पाऊसही नुकताच आलेला असतो आणि पहिलीत नव्याने बसलेल्या मुलांना शिकवायला लागणारे बरेचसे साहित्य शाळेच्या कुंपणापाशी आपोआप उगवलेले असते. हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कामात पाने, खडे, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य होते. तरीही आज अनेक वर्गांत हे उपक्रम पंधरवड्यात बारगळतात, आणि त्याची कारणे बहुतेक ठिकाणी सारखीच असतात.

सर्वांत मोठी चूक पाठाचे टाचण लिहितानाच होते. आठवड्याचा विषय ‘पान’ असा ठरतो आणि मग गणितात पाने मोजणे, भाषेत पानाची कविता, चित्रकलेत पान रंगवणे, इंग्रजीत ‘लीफ’ आणि खेळाच्या तासाला पानांची शर्यत अशी ओढाताण सुरू होते. तिसऱ्या तासाला मुले कंटाळतात आणि शिक्षकही. परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तक तिसरीपासून येत असल्यामुळे पहिलीच्या शिक्षकाला खरे तर बराच मोकळा हात मिळतो. पण त्या मोकळेपणाचा अर्थ प्रत्येक वस्तू प्रत्येक विषयाला चिकटवली पाहिजे असा होत नाही. वस्तू आधी पाहावी आणि तिच्यातून जो प्रश्न निघेल त्याच विषयाकडे जावे. उदाहरणार्थ, पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा लालभडक, मखमली मृगाचा किडा घ्या. त्याचे पाय मोजायला सांगितले की आठ भरतात. शेजारून जाणाऱ्या मुंगीला सहाच असतात. नावात किडा असला तरी तो कोळ्याच्या नात्यातला आहे, हे मुलांना इथे सहज सांगता येते, आणि आठातून सहा गेले तर किती, हा प्रश्न कोणीतरी आपणहून विचारतो. त्यात कविता कोंबण्याची गरज नसते. किडा मात्र काडेपेटीत कोंडून घरी नेऊ देऊ नये. जिथून उचलला तिथेच काही मिनिटांत परत सोडावा.

मोजण्याच्या बाबतीत दुसरी अडचण अशी, की आपल्याला उत्तर नीटनेटके हवे असते आणि झाड ते देईलच असे नाही. सदाफुली, जास्वंद आणि साधी तगर यांच्या पाकळ्या पाचच भरतात, त्यामुळे पाच, दहा, पंधरा असे टप्प्याने मोजण्यासाठी ही फुले उत्तम. पळसाला पाने तीनच, हेही फांदी हातात घेऊन पडताळता येते. पण सातवीण नाव असले तरी तिच्या प्रत्येक पेराशी सात पाने भरतीलच असे नाही, आणि काही शिक्षक सहाचा किंवा पाचाचा झुबका गुपचूप बाजूला ठेवून फक्त सातांचे वाटतात. असे करू नये. चार, पाच, सहा, सात असे गट मुलांकडूनच करून घेतले तर वर्गीकरणाचा पाठ तिथल्या तिथे होतो.

बी रुजले नाही तर

ओल्या कापसावर बी रुजवण्याचा प्रयोग जितका सोपा समजला जातो तितक्याच वेळा तो फसतो. कधी घरून डाळ आणलेली असते, आणि भरडून दोन तुकडे झालेली डाळ रुजणे शक्य नाही. कधी भाजलेले फुटाणे असतात. कापसावर इतके पाणी ओतले जाते की बी पूर्ण बुडते, त्याला हवा मिळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वर्गात आंबूस वास येतो. शुक्रवारी भिजवलेला कापूस सोमवारपर्यंत वाळून जातो, म्हणून प्रयोग सोमवारीच सुरू करावा. मूग लवकर रुजत असले तरी लहान हातांना वाल, चवळी किंवा राजमा बरा, कारण त्यांच्या दोन डाळिंब्या मातीबाहेर येऊन उघडताना स्पष्ट दिसतात. हरभऱ्याच्या मात्र मातीतच राहतात. फसलेला प्रयोग गुपचूप फेकून शिक्षकाने रात्रीतून नवे कोंब आणून ठेवणे, ही प्रथा सर्वांत वाईट. त्यापेक्षा कोरडी, ओलसर आणि बुडालेली अशा तीन वाट्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि काय होईल याचा अंदाज मुलांनी आधी सांगावा.

पाऊस मोजताना घोटाळा होतो तो बाटलीमुळे. शीतपेयाच्या बाटलीचा तळ उंचसखल असतो, त्यामुळे सुरुवातीचे माप चुकते. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवावा, तळाशी खडे टाकून बाटलीची बाजू सरळ होते तिथपर्यंत पाणी भरावे, त्या रेषेवर दोरा बांधावा आणि मोजणी दोऱ्यापासून वर करावी. बाटली पागोळ्यांखाली ठेवू नये. वेधशाळेची नोंद रोज सकाळी साडेआठला होते. शाळेने परिपाठानंतरची एक वेळ ठरवून ती पाळावी आणि मोजून झाल्यावर वरचे पाणी ओतून टाकावे. सहा वर्षांच्या मुलाला मिलिमीटर वाचायला लावण्यात अर्थ नाही. पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून, खाली तारीख लिहून ती भिंतीवर चिकटवली की ओळीने आलेख तयार होतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी नुसती तारीख लिहायची, आणि शून्याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही. कोकणातल्या शाळेत एकाच दिवसाची पट्टी वितीएवढी होऊ शकते, तर माण-खटावमध्ये कित्येक दिवस कात्रीला काम नसते.

भाषेच्या तासाला फळ्यावर पाच वाक्ये लिहून सर्वांकडून उतरवून घेतली जातात. ती वाक्ये कोणत्याही मुलाची नसतात. मुलाने सांगितलेले एक वाक्य त्याच्या शब्दांत लिहून त्यालाच वाचायला द्यावे. विदर्भातले मूल टाकळ्याला तरोटा म्हणत असेल तर ते खोडू नये. दोन्ही नावे फळ्यावर लिहावीत. चित्रकलेत समोर खरे पान असताना छापील पानाच्या आकृतीत हिरवा रंग भरायला देणे तर केवळ वेळ मारून नेणे आहे. पानाचा ठसा घ्यायचा असेल तर शिरा उठावदार असलेली मागची बाजू वर ठेवून पातळ कागदाखाली धरावी आणि खडू आडवा फिरवावा. पान ओले असले की ठसा उठत नाही, एवढेच.

सुरक्षिततेबाबत मात्र हयगय चालत नाही. चंद्रज्योतीच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. गुंज आणि एरंडाच्या बिया, धोतरा, कण्हेर, रुईचा चीक यांचीही ओळख बाहेर पडण्यापूर्वीच शिक्षकाला हवी, आणि ‘चाखायचे नाही’ हा नियम कढीपत्त्यालाही लागू ठेवावा, कारण अपवादांची यादी सहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही. काही खाल्ल्याचे कळले तर घरगुती उपायाने उलटी काढू नये. त्या झाडाची फांदी सोबत घेऊन दवाखाना गाठावा. संपूर्ण वर्ग एकाच वेळी गवतात नेणेही टाळावे. द्विशिक्षकी शाळेत चौथीच्या मुलांना जोडीदार म्हणून घेता येते.

शेवटची तक्रार पालकांची असते : वहीत काहीच लिहिलेले नाही. तिला उत्तर म्हणून दिखाऊ प्रकल्पवह्या भरून घेण्याचा मोह होतो आणि त्या बहुधा आईच भरते. पालकसभा पावसाच्या पट्ट्यांच्या भिंतीसमोर घ्यावी आणि कोणत्या दिवशी सर्वांत जास्त पाऊस पडला, त्याच्या आदल्या दिवसापेक्षा किती जास्त, हे ज्याच्या त्याच्या मुलालाच सांगू द्यावे.