घरमालक घरी नसतानाही चालेल असा आणीबाणीचा आराखडा

आणीबाणीत काय करायचे, हे बहुतेक घरांत एकट्या मालकालाच ठाऊक असते आणि नेमका तोच त्या वेळी बाहेर असू शकतो. म्हणून आराखडा घरातील कोणालाही, भाडेकरू असल्यास त्यालाही, वापरता येईल असा करावा.

सुरुवात विजेचा मेन स्विच, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गॅसचा कॉक यांपासून करावी. त्यांच्या जागा नुसत्या दाखवू नयेत, तर प्रत्येकाकडून ते एकदा बंद करून घ्यावेत; कारण वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह अनेकदा गंजून घट्ट बसलेला असतो आणि पाईप फुटल्यावर ते कळून उपयोग नसतो. गॅसचा वास आल्यास मात्र विजेचे एकही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. सिलिंडरमधील एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर पाईपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो. दोन्ही बाबतींत दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि मदतीसाठी फोन बाहेर गेल्यावरच करावा.

चोरांच्या भीतीने बसवलेले खिडकीचे गज आगीत घरच्यांनाच कोंडतात. त्यामुळे किमान एका खिडकीचे गज आतून उघडणारे असावेत आणि कुलपाची किल्ली जवळच, पण बाहेरून हात पोहोचणार नाही अशी टांगावी. धूर वर साचत असल्याने वाकून बाहेर पडावे, लिफ्ट वापरू नये. बाहेर जमण्याची जागा आधीच ठरवावी. नाहीतर बाहेर असलेल्याच माणसाला शोधायला कोणीतरी पुन्हा आत शिरते.

पिण्यासाठी व इतर गरजेसाठी माणशी रोज सुमारे ४ लिटर, म्हणजे चौघांच्या घरात ३ दिवसांसाठी ४८ लिटर पाणी साठवावे. सोबत टॉर्च, नेहमीची औषधे आणि कागदपत्रांच्या प्रती असाव्यात. विम्याच्या दाव्यासाठी प्रत्येक खोलीचे फोटो आजच काढून घराबाहेरही जपावेत.

हे सारे एका कागदावर लिहून दाराजवळ लावावे (मोबाईलची बॅटरी संपली की त्यातली यादीही गेलीच). मग एका रात्री दिवे मालवून सराव करावा. मालकाने त्या वेळी एक शब्दही बोलू नये. घरचे जिथे अडखळतील, तिथे कागद दुरुस्त करावा.